इचिरो सुझुकी: ३९३ मतं आणि एक न मिळालेलं

पाऊसवेडा

कपाट आवरताना २३ जुलै २०१२ चं एक तिकीट सापडलं. सिॲटल मरिनर्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज. मला तेव्हा इकडे सिॲटलला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते आणि बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं तिकीट होतं, फुकट मिळतंय म्हणून गेलो. (पार्किंगला जे मोजले त्यात दोघं पोटभर जेवलो असतो, ते सोडा.)

स्टेडियमबाहेर बघतो तर अर्ध्याअधिक लोकांच्या पाठीवर ५१ हा आकडा आणि चेहरे मयताला आल्यासारखे. मित्र म्हणाला, "आमचा ५१ नंबर आज दुपारी यांकीजला देऊन टाकला. आणि योगायोग असा की आज त्यांच्याचविरुद्ध सामना आहे. म्हणजे तो इथेच खेळणार, फक्त समोरून."

तिसऱ्या इनिंगमध्ये तो बॅटिंगला आला. अंगात पाहुण्या संघाचा राखाडी पोशाख, पाठीवर ५१ च्या जागी ३१. सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्याने हेल्मेट काढलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला, मग दुसऱ्या बाजूला वळून पुन्हा एकदा. आपण देवळातून निघताना उंबऱ्यापाशी मागे वळून करतो ना, तसा. साडेअकरा वर्षं ज्या घरात काढली त्या घराला. मग हेल्मेट चढवलं, सरळ मध्ये एक फटका मारून पहिला बेस (धावायच्या चौकोनाचा पहिला कोपरा) गाठला आणि थोड्याच वेळात दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघताच पळून गाठला. आत्ता डोळे पुसणारी माणसं स्वतःच्याच संघाविरुद्धच्या चोरीला टाळ्या वाजवायला लागली. मी मित्राला विचारलं, "अरे, हा कोण आहे?" त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हापासून शोधतोय. ते इथे मांडावं म्हणून हा धागा.

इचिरोचा जन्म २२ ऑक्टोबर १९७३ चा, जपानच्या आइची प्रांतातला. नागोया विमानतळाजवळच्या तोयोयामा नावाच्या लहानशा गावात वाढला. नावात 'इचि' म्हणजे एक, पण घरातला हा दुसरा मुलगा. वडिलांनी तिसऱ्या वर्षी हातात ग्लव्ह दिला आणि पुढे रोज सराव. सहावीत असताना त्याने शाळेत निबंध लिहिला होता: मी वर्षातले ३६० दिवस कसून सराव करतो, मी व्यावसायिक खेळाडू होणार. आपल्याकडे 'मी पंतप्रधान झालो तर' लिहून पोरं मधल्या सुट्टीत विसरतात. हा विसरला नाही.

तो मुळात उजव्या हाताचा. फेकतो उजव्याने, पण बॅटिंग डावखुरी. डावखुरा फलंदाज उभा राहतो तिथून पहिला बेस एकदोन पावलं जवळ पडतो, त्यासाठी हे मुद्दाम शिकवलेलं. त्याची सगळी कारकीर्द या एकदोन पावलांवर उभी आहे, असं मी म्हणेन.

१९९१ च्या निवडीत ओरिक्स ब्लूवेव्ह संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतलं, म्हणजे कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. पाय झोपाळ्यासारखा हलवत, पुढे सरकत मारायची त्याची पद्धत पहिल्या व्यवस्थापकाला पसंत नव्हती, त्याने दुय्यम संघात धाडलं. १९९४ मध्ये अकिरा ओगी हे नवे व्यवस्थापक आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, त्याला त्याच्या पद्धतीने खेळू दिलं. दोन, सुझुकी हे जपानमधलं दुसऱ्या क्रमांकाचं सर्रास आडनाव म्हणून पाठीवर नुसतं 'इचिरो' लावलं. त्याच वर्षी १३० सामन्यांच्या हंगामात त्याने २१० हिट (सुखरूप बेस मिळवून देणारे फटके) मारल्या. तोवर जपानमध्ये एका हंगामात २०० कोणीही गाठल्या नव्हत्या. त्या वर्षापासून सलग सात वर्षं सरासरीत पहिला.

२००० च्या शेवटी सिॲटलने त्याच्याशी नुसती बोलणी करण्याच्या हक्कासाठी ओरिक्सला सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर मोजले. पगार वेगळा. तोवर जपानहून अमेरिकेत गेलेले सगळे पिचर (चेंडू टाकणारे) होते. रोज मैदानात उतरणारा फलंदाज हा पहिलाच, जागा आउटफिल्डरची, आणि तोही अमेरिकन धिप्पाडांपुढे शेवग्याच्या शेंगेसारखा. हा काय टिकणार, असंच पुष्कळांचं मत होतं.

२००१ च्या पहिल्याच हंगामात २४२ हिट, सरासरी ०.३५०, चोरलेले बेस ५६. नवोदितांमध्ये सर्वोत्तम आणि संपूर्ण लीगमध्येही सर्वोत्तम, दोन्ही मान एकाच वर्षी. त्याआधी हे फक्त फ्रेड लिनने १९७५ मध्ये केलं होतं. मरिनर्सनी त्या वर्षी ११६ सामने जिंकले, १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी. (मग यांकीजकडून हरून बाहेर. पुढची प्लेऑफ २०२२ मध्ये. इथे राहायचं तर पावसाची आणि पराभवाची सवय लागते.)

बाकीचं प्रतिसादात लिहितो, बोटं दुखली.

कडबोळं

छान लिहिलंय. पण मूळ धड्यापासून सुरुवात करा हो. आउटफिल्डर म्हणजे आपला सीमारेषेवरचा फील्डर का? आणि ०.३५० सरासरी म्हणजे काय? आमच्याकडे सरासरी ५० असते.

पाऊसवेडा

@कडबोळं, साधारण तसंच. बेसच्या चौकोनाबाहेरच्या मैदानात तीन गडी असतात, डावा, मधला, उजवा. इचिरो मुख्यतः उजव्या बाजूचा. तिथून तिसरा बेस सगळ्यात लांब, त्यामुळे तिथे ज्याचा हात दणकट तोच ठेवतात. त्याच्या ५१ नंबरावरून त्या कोपऱ्याला 'एरिया ५१' म्हणायचे.

सरासरी म्हणजे दर हजार प्रयत्नांत किती वेळा फटका मारून सुखरूप बेस गाठला. ०.३०० म्हणजे दहात तीनदा. दहात सातदा नापास होणारा इथे हुशार विद्यार्थी.

मैदानाबाहेरची

शाळेपासून विद्यापीठापर्यंत सॉफ्टबॉल खेळले आहे, आउटफिल्डलाच, त्यामुळे हा धागा माझ्या माहेरचा. सगळे त्याच्या बॅटबद्दल बोलतात, मला त्याच्या हाताबद्दल बोलायचंय.

११ एप्रिल २००१, ओकलंड. त्याला अमेरिकेत खेळायला लागून दहा दिवसही झाले नव्हते. त्या सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्यावर नाणी आणि बर्फाचे तुकडे फेकल्याचं वाचलंय. आठव्या इनिंगमध्ये पहिल्या बेसवर टेरेन्स लाँग उभा होता. फटका उजव्या मैदानात गेला. लाँगने दुसरा बेस ओलांडला आणि तिसऱ्याकडे सुटला. कोणीही सुटला असता. उजव्या मैदानातून तिसऱ्या बेसवर थेट चेंडू येत नाही, आला तर टप्पे खात, दमून येतो.

व्हिडिओ हळू करून बघा. इचिरो चेंडूची वाट बघत नाही, धावत पुढे येतो. चेंडू ग्लव्हमध्ये येतो तेव्हा त्याचं अंग आधीच फेकण्याच्या दिशेला झुकलेलं असतं. ग्लव्हमधून हातात, एक पाऊल, आणि सोडला. आम्हाला सर ओरडून ओरडून सांगायचे, लांबून थेट फेकू नका, मधल्या गड्याकडे द्या. आम्ही थेट फेकला की तो आभाळात चढायचा आणि कुठेतरी धपकन पडायचा. याचा चढलाच नाही. जमिनीला समांतर, दोरी ताणल्यासारखा, तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलच्या ग्लव्हमध्ये. बेलला हात हलवावा लागला नाही, लाँग आपणहून येऊन त्या ग्लव्हवर घसरला.

त्या एका फेकीनंतर पुढची कित्येक वर्षं धावणारे तिसऱ्या बेसचा नाद सोडून दुसऱ्यावरच थांबायचे. हे कुठल्याच आकड्यात येत नाही. २००१ ते २०१० सलग दहा गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) मिळाले, ते येतं.

कडबोळं

बघितला व्हिडिओ. तीनदा. बायकोला दाखवला, ती म्हणाली "हं".

तिरकस_बाण

भक्तिभावात थोडं मीठ टाकतो. रागावू नका.

१) १९ हंगामांत होमर (चेंडू थेट मैदानाबाहेर, आपला षटकार) फक्त ११७. मोठे फलंदाज तेवढे तीन वर्षांत मारतात.
२) बहुतेक हिट सिंगल, म्हणजे एकच बेस मिळवून देणाऱ्या. २००४ मध्ये २६२ हिटचा विक्रम केला, त्यातल्या २२५ सिंगल. कित्येक तर घसपटत गेलेले चेंडू, ज्यांवर हा नुसता पळून पोचला.
३) वाईट चेंडू सोडून देऊन फुकटात बेस मिळवणं हे मोठं कौशल्य आहे. त्याला त्यात रस नव्हता. त्यामुळे बेसवर पोचण्याचं प्रमाण ०.३५५, चांगलं, पण देवत्वाचं नाही.
४) आणि ते ४,३६७ हिटचं प्रकरण. जपानच्या १,२७८ आणि अमेरिकेच्या ३,०८९ यांची बेरीज करून, अमेरिकेत सर्वाधिक हिट मारणाऱ्या पीट रोझच्या ४,२५६ च्या वर नेऊन ठेवायचं. उद्या रणजीच्या धावा कसोटीत मिळवाल काय? रोझने स्वतःच टोमणा मारला होता की आता याच्या हायस्कूलच्या हिटही मोजतील.

पाऊसवेडा

@तिरकस_बाण, रागावलो नाही, चहा ठेवून बसलो.

४ पासून घेतो. बेरीज मलाही पटत नाही. पण बेरजेशिवाय बघा: अमेरिकेत पहिला सामना खेळला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्या वयापर्यंत इतरांच्या खात्यावर हजारभर हिट असतात, याचं शून्य. शून्यावरून निघून ३,०८९. तीन हजारावी कोलोरॅडोत, ७ ऑगस्ट २०१६ ला, तेव्हा वय ४२, आणि ती ट्रिपल होती. बेचाळिसाव्या वर्षी तीन बेस पळाला. मी बेचाळिसाव्या वर्षी स्टेशनचा जिना चढून थांबतो.

आता सिंगलचं. 'नुसता पळून पोचला' यातल्या 'नुसता'ला माझा आक्षेप आहे. पहिला बेस ९० फुटांवर. तो साधारण ३.७ सेकंदांत पोचायचा, कारण बॅट चेंडूला लागते त्या क्षणी त्याचं पाऊल पहिल्या बेसच्या दिशेने पडलेलं असायचं. फील्डरला हे माहीत असतं, म्हणून तो घाई करतो, आणि घाई केली की चेंडू हातातून सुटतो. घसपटत गेलेला चेंडू हा दैवयोग असेल तर तो एकाच माणसाच्या बाबतीत सलग दहा वर्षं, दर वर्षी दोनशेच्या वर कसा होईल? २००१ ते २०१० दर हंगामात २०० हिट. असं सलग दहा वर्षं दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर सगळे षटकार मारायच्या नादात असताना हा एकेरी धाव हीच कला मानून बसला होता. तो काळ लक्षात घ्या. स्टिरॉइड घेऊन फुगलेले दंड आणि होमरची आतषबाजी. त्यात हा शेवगा.

तिरकस_बाण

'शेवगा' दुसऱ्यांदा आला. पण १० × २०० ला माझ्याकडे उत्तर नाही, हे कबूल. होमरच्या मुद्द्यावर ठाम.

मैदानाबाहेरची

२००४ च्या त्या विक्रमाबद्दल एक. आधीचा विक्रम जॉर्ज सिसलरचा, १९२० सालचा, २५७ हिट. ८४ वर्षं टिकलेला. १ ऑक्टोबरला इचिरोने तो मोडला तेव्हा सिसलरची मुलगी प्रेक्षकांत होती, ८१ वर्षांची. खेळ थांबवून तो कठड्यापाशी गेला, तिच्याशी आणि घरच्यांशी हात मिळवून आला. २००९ मध्ये ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्यासाठी सेंट लुईसला गेला तेव्हा वेळ काढून सिसलरच्या थडग्यावर फुलं ठेवून आला. ज्याचा विक्रम मोडला त्याच्या.

कोबेचा_पाहुणा

उशिरा येतोय. नोकरीनिमित्त सहा वर्षं कोबेत होतो, त्यामुळे तिकडची बाजू लिहितो.

ओरिक्सचं मैदान कोबेत होतं. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी संघाने घरचे सामने दुसऱ्या शहरात हलवायचं नाकारलं आणि बाहीवर 'गांबारो कोबे' अशी अक्षरं लावून खेळला. याचं मराठी करायचं तर 'कोबे, नेट लावू या'. त्या वर्षी लीग जिंकली, पुढच्या वर्षी योमिउरी जायंट्सना हरवून जपान सिरीज (तिकडची अंतिम मालिका). इचिरो तेव्हा बाविशीच्या आसपासचा. माझ्या घरमालकीणबाई बेसबॉल बघायच्या नाहीत, पण त्यांच्या स्वयंपाकघरात त्याचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर होतं. विचारलं तर म्हणाल्या, "त्या वर्षी बघायला दुसरं काही नव्हतं." मी पुढे विचारलं नाही.

अवांतर: सिॲटलच्या दिवसांत घरच्या सामन्याआधी तो बायकोच्या हातची करी खायचा, रोज तीच. जपानी करी म्हणजे आपल्या पिठल्याच्या दाटपणाची, गोडसर, भातावर ओतायची. मी सहा वर्षं खाल्ली, मला ०.२५० पण जमणार नाही.

भोपळ्याची_वेल

सगळं वाचून भारावले, पण मला त्या वडिलांपाशी अडायला होतंय. तिसऱ्या वर्षी ग्लव्ह, मग वर्षात ३६० दिवस सराव, थंडीत बोटं वाकेनात तरी सराव. आपण हे 'जिद्द' म्हणून वाचतो. माझ्या सोसायटीत एक सहा वर्षांचं पोर पहाटे पाचला क्रिकेट कोचिंगला जातं, रिक्षात झोपलेलं असतं. त्याचे बाबा सगळ्यांना सचिनची गोष्ट सांगतात.

पाऊसवेडा

@भोपळ्याची_वेल, बरं झालं काढलंत. मी मूळ लेखात ते पटकन उरकलं, खरं तर टाळलंच.

वडील नोबुयुकी म्हणत आले की आम्हा दोघांनाही त्यात मजा यायची. इचिरोने मोठेपणी सांगितलं की ते छळाच्या सीमेवर होतं आणि त्याने खूप सोसलं. त्याच बरोबर वडिलांनी ग्लव्हवर लिहून दिलेला 'एकाग्रता' हा शब्द त्याने जन्मभर पाळला. दोन्ही एकाच माणसाचं. मला यातून निकाल काढता येत नाही.

मैदानाबाहेरची

निकाल सोपा आहे. एक इचिरो झाला, बाकीच्या हजार पोरांच्या ग्लव्हवर काय लिहिलं होतं ते कोणी विचारत नाही.

कोबेचा_पाहुणा

+१.

नागोयाला एकदा गेलो होतो तेव्हा विमानतळाजवळचं ते बॅटिंग सेंटर बघून आलो. पैसे टाकायचे, मशीन चेंडू फेकतं, जाळीत उभं राहून मारायचे. तिथे वडील त्याला रोज न्यायचे. मशीनचा वेग त्याला कमी पडायला लागला तेव्हा मालकांनी आतली स्प्रिंग बदलून घेतली म्हणे. मी गेलो तेव्हा शेजारच्या जाळीत एक आठनऊ वर्षांचा मुलगा मारत होता आणि मागे त्याचे वडील मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मला का कोण जाणे, बरं वाटलं.

कडबोळं

शेवट कसा झाला त्याचा? म्हणजे निवृत्ती. तिकडे निरोपाचा सामना वगैरे असतो का?

पाऊसवेडा

यांकीजनंतर मायामीत तीन वर्षं, २०१८ मध्ये परत सिॲटल. मे महिन्यात त्याला मैदानावरून काढून कार्यालयात सल्लागार केलं, पण सरावाला रोज हजर. आणि २०१९ चा हंगाम सुरू झाला तो तोक्योत, मरिनर्स विरुद्ध ओकलंड. २१ मार्चला दुसरा सामना. वय ४५. हिट एकही मिळाली नाही. आठव्या इनिंगमध्ये त्याला उजव्या मैदानात पाठवलं आणि मग तिथून परत बोलावलं, म्हणजे लोकांना उभं राहायला वेळ मिळावा. त्याच संघात त्या रात्री युसेई किकुची हा जपानी पिचर पहिला सामना खेळत होता. इचिरोला मिठी मारून तो ढसाढसा रडला.

कोबेचा_पाहुणा

त्या रात्री मी कोबेत टीव्हीसमोर होतो. सामना जादा इनिंगमध्ये जाऊन संपला, तरी लोक हलेनात. रिकाम्या मैदानाकडे बघत नाव घेत बसले. शेवटी तो पुन्हा बाहेर आला आणि सगळीकडे हात हलवत गेला. त्यानंतर पत्रकार परिषद, मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाली ती तासाभराहून जास्त. सकाळी ऑफिसात सगळ्यांचे डोळे सुजलेले, आणि आमच्याकडे कोणी कबूल करत नाही म्हणून 'परागकणांची ॲलर्जी' असं म्हणत होते. मार्च असल्याने खपून गेलं.

अजून एक. जपान सरकारने त्याला राष्ट्रीय सन्मान अनेकदा देऊ केला, त्याने दर वेळी नम्रपणे नाकारला.

तिरकस_बाण

मथळ्यातलं मत राहिलं. ते न देणारा मी नव्हे, आधीच सांगतो.

पाऊसवेडा

हो, तेच राहिलं. २१ जानेवारी २०२५ ला कूपरस्टाऊनच्या हॉल ऑफ फेमचं (बेसबॉलमधल्या थोरांचं सन्मान-सभागृह) मतदान जाहीर झालं. मत देणारे बेसबॉलचे वार्ताहर ३९४. इचिरोला ३९३. या सभागृहात जाणारा पहिला आशियाई खेळाडू. सगळीच्या सगळी मतं आजवर एकट्या मारियानो रिव्हेराला, २०१९ मध्ये. डेरेक जीटरचंही २०२० मध्ये एकच कमी पडलं होतं.

इथे सिॲटलमध्ये लोक त्या एका वार्ताहराला शोधायला निघाले होते. ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. इचिरो म्हणाला, त्यांना माझ्या घरी बोलवायचंय, बसून एक पेला घेऊ, गप्पा मारू. आणि जपानीत बोलताना म्हणाला की एक कमी पडलं हे फार बरं झालं. माणसात पुष्कळ काही कमीच असतं, आणि आपल्या परीने पूर्णत्वाकडे जात राहायचं म्हणजे जगणं.

माझ्यापुरतं @तिरकस_बाण तुमच्या होमरच्या मुद्द्याचं उत्तर यात आहे. दहात सातदा चुकण्याच्या खेळात ज्याने दर दिवशी एक सिंगल जास्त कशी मिळेल एवढंच बघितलं, त्याला ३९४ पैकी ३९३ हा आकडा शोभतो. पूर्ण मिळाली असती तर मलाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

जुलैतल्या समारंभात मात्र भाषणात म्हणाला, त्या जेवणाच्या आमंत्रणाची मुदत आता संपली! सगळं भाषण इंग्रजीत, विनोद पेरलेलं. मायामी मार्लिन्सना म्हणाला, तुम्ही करारासाठी फोन केलात तेव्हा खरं सांगतो, मी तुमच्या संघाचं नावही ऐकलं नव्हतं.

मैदानाबाहेरची

आणि आता काय करतो तर जपानमध्ये शाळकरी मुलींच्या निवडक संघाविरुद्ध दर वर्षी सामना खेळतो. स्वतः पिचिंग करतो, पन्नाशीतही, पूर्ण जोर लावून. मुली आहेत म्हणून हळू टाकत नाही. आमच्या वेळी मुलांचा संघ सरावाला आला की हळू फेकायचे, आणि आम्हाला त्याचाच राग यायचा.

भोपळ्याची_वेल

हे आवडलं. सोसायटीतल्या त्या पोराला फेकीचा व्हिडिओ दाखवला. "आउट आहे का?" विचारलं आणि खेळायला पळालं.

कडबोळं

शेवटचा प्रश्न. त्या २०१२ च्या तिकिटवाल्या सामन्याचा निकाल काय लागला, ते लिहिलंच नाही.

पाऊसवेडा

यांकीज ४, मरिनर्स १. आणि पार्किंगमधून बाहेर पडायला सव्वा तास लागला.